उजव्या पायाची ऊब

हाडं मोजून घ्यायला दोघं एकाच बोटीने बूदो शहरात गेले आणि एकाच बोटीने परत आले. जाताना गुन्वोरला नवऱ्याची काळजी लागली होती. येताना नवऱ्यानेच तिचं कोपर धरून तिला बोटीच्या जिन्यावरून खाली उतरवलं.

झालं होतं असं, की आदल्या हिवाळ्यात गुन्वोर टपालपेटीपाशी बर्फावरून घसरली. नुसता हात टेकला तर मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने हाड मोडायला नको होतं, असं स्कार्वय बेटावरच्या जुन्या डॉक्टरांचं मत पडलं. त्यांनी बूदोच्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहिली आणि लिहितालिहिता शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याकडे, हालवार्डकडे बघितलं. "एकोणीस वर्षं झाली ना तुमच्या शुगरला? जाताच आहात तर तुम्हीही हाडांची घनता मोजून घ्या."

मोजल्यावर निघालं ते उलटंच. गुन्वोरची हाडं विरळ झालेली, कण्यात जास्तच. आणि हालवार्डची, चौसष्टाव्या वर्षी, चाळिशीतल्या माणसाला शोभतील अशी भरीव.

"अगं, तू आता काचसामान झालीस," बोटीवर कॉफीचा कप तिच्या हातात देत तो म्हणाला. "तुझ्यावर ‘सांभाळून उचला’ असा कागद चिकटवायला पाहिजे."

"आणि तुझ्यावर?"

"माझ्यावर काही नको. मी फेकला तरी चालतो."

कॉडलिव्हर तेलाची बाटली तो लहानपणापासून सकाळी तोंडाला लावत आला होता. सगळं श्रेय त्याने त्या बाटलीला दिलं आणि घरी आल्याआल्या तपासणीचा कागद फ्रिजवर चुंबकाने लावला. आल्यागेल्याला दाखवायचा.

एक गोष्ट त्या कागदावर नव्हती. हॉस्पिटलात तो कॉफी आणायला गेला असताना यंत्रावरची बाई गुन्वोरजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली होती, "आकडा चांगला आलाय त्यांचा. पण इतक्या वर्षांची शुगर असली की या आकड्यावर फार विसंबू नका. आणि त्यांच्या पायांवर लक्ष ठेवा." गुन्वोरने मान हलवली. बोटीवर सांगू असं ठरवलं. पण बोटीवर तो इतक्या खुशीत होता, दोन वर्षांत तिने त्याला इतकं मोकळं हसताना बघितलं नव्हतं. शिवाय आपली हाडं वाईट निघाली असताना त्याच्या चांगल्या हाडांत खोट काढायची, म्हणजे जळफळाट वाटला असता. तिला स्वतःलाच तो तसा वाटला. घरी गेल्यावर बघू, म्हणाली. घरी गेल्यावर बटाटे सोलायचे होते.

त्या आकड्याने घरात बदल मात्र झाला. सिल्ये, त्यांची एकुलती एक मुलगी, बूदोला शाळेत शिकवायला लागून बारा वर्षं झाली होती. ती गेल्यापासून दोघांमधलं बोलणंही हळूहळू आटलं होतं. भांडण नव्हतं, बोलायचं राहिलं नव्हतं इतकंच. आता हालवार्ड तिला पाण्याची बादली उचलू देईना. दारातला बर्फ सकाळी कामावर जायच्या आधी स्वतः काढायचा. "तू बस, काचसामान," म्हणायचा. ती तोंड वाकडं करायची, आणि बसायची.

फेब्रुवारीत कॉड मासा आला. दरवर्षी येतो तसा उत्तरेकडून, थव्याथव्यांनी, आणि बेटावरची सगळी माणसं धक्क्यावर राबायला लागली. एडविनच्या मासळीच्या वखारीत हालवार्ड तीस हिवाळे वाळवणाच्या मांडवांचं काम बघत होता. डोकी उडवलेले, साफ केलेले मासे शेपटीला शेपटी बांधून जोडीजोडीने उंच लाकडी दांड्यांवर टांगायचे, मग जूनपर्यंत वारा त्यांना लाकडासारखे कडक करतो. त्याच्याखाली सहा माणसं होती, पण स्वतः वर चढल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या हातातली जोडी निसटली, ती सावरताना तोल गेला आणि त्याने खाली उडी टाकली. उंची किती, तर स्वयंपाकघरातल्या स्टुलाएवढी. उजवा पाय दगडावर आपटला.

"मोडलं का रे काही?" एडविनने विचारलं.

"चाळिशीतली हाडं आहेत माझी. दगडाला विचार मोडला का."

दुखलं नाही. त्याच्या पावलांना दुखत नसेच. पाचसहा वर्षांपासून घोट्याच्या खाली त्याला फारसं काही कळत नव्हतं. एकदा बुटात खिळा आलेला तीन दिवस घेऊन फिरला होता आणि तो किस्सा रंगवून सांगायचा. त्या दिवशी फक्त बूट काढायला वेळ लागला.

कामावरून आला की चार वाजता जेवायचं, मग तासभर आडवं व्हायचं, ही त्याची जुनी सवय. तो सोफ्यावर लांब व्हायचा. गुन्वोर विणकाम घेऊन समोरच्या खुर्चीत बसायची. तिच्या खुर्चीशी खिडकीतून वारा येत होता म्हणून एक दिवस ती सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली, पाय वर घेऊन. तिचे पाय गारठलेले. त्याचे पाय तर लग्नाच्या आठव्या-दहाव्या वर्षानंतर तिला कधी कोमट लागले नव्हते. पण तिची बोटं त्याच्या उजव्या पायाला लागली आणि मोज्यातूनसुद्धा ऊब आली.

तिने पाय तिथेच राहू दिले.

"काय रे, शेगडी झालीये तुझ्या पायाची."

"रक्त तापलंय. तरुण होतोय मी."

"एकाच पायाने?"

"दुसरा येईल मागून. घाई काय आहे."

दुसऱ्या दिवशी वारा नव्हता, तरी ती सोफ्यावरच बसली. तिसऱ्या दिवशी विणकाम आणलंच नाही. त्याच्या पायाला आपले दोन्ही तळवे चिकटवून ती पडून राहायची आणि तो तिला कुठल्या कुठल्या जुन्या गोष्टी सांगायचा. बापाबरोबर समुद्रात गेला असताना इंजिन बंद पडलं होतं ते. पहिल्यांदा तिला नाचायला विचारायला आला तेव्हा आधी चुकून तिच्या बहिणीला विचारलं होतं ते. "चुकून नव्हतं ते," गुन्वोर म्हणाली. "नव्हतंच," तो म्हणाला, "पण ती नाही म्हणाली." ती इतकी हसली की खोकला आला. असे जवळजवळ तीन आठवडे गेले. गुन्वोर दुपार सरायची वाट बघायला लागली होती.

रविवारी सिल्येचा फोन यायचा. "बाबा कसे आहेत?"

"मजेत," गुन्वोर सांगायची, आणि ते खरंही होतं.

मग एका शनिवारी तो आंघोळ करून बाहेर आला, आणि न्हाणीघराची फरशी पुसायला ती आत गेली. फरशीवर त्याची ओली पावलं उमटली होती. डाव्या पावलाचा ठसा नेहमीसारखा, मध्ये खोलगट. उजव्याचा मात्र आख्ख्या फळीसारखा, टाचेपासून बोटांपर्यंत सपाट. ती फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"पाय दाखव."

"अगं, काय बघायचंय त्यात?"

"दाखव म्हटलं ना."

पाऊल लालबुंद होतं, फुगलेल्या कणकेसारखं, आणि आतल्या बाजूला, जिथे कमान असते तिथे, काहीतरी बाहेर आलेलं. तिने अंगठ्याने दाबलं.

"दुखतंय?"

"नाही."

"इथे?"

"गुन्वोर, माझ्या पायाला तू सुई टोचलीस तरी मी विचारेन कोण आलंय म्हणून. माहितीये ना तुला?"

सोमवारी तिने त्याला दवाखान्यात नेलंच. जुने डॉक्टर जानेवारीपासून रजेवर होते. दक्षिणेकडून दोन-दोन आठवड्यांसाठी बदली डॉक्टर यायचे, त्यांतला हा तिसरा. तिशीचासुद्धा नसेल. नम्र होता, हालवार्डचा पाय त्याने स्वतःच्या मांडीवर घेतला आणि सगळीकडून चाचपला.

"दुखतं का?"

"नाही."

"पडलात? मार बसला कुठे?"

"नाही बुवा."

"कधीपासून आहे हे?"

"तीन-चार दिवस," हालवार्ड म्हणाला, आणि त्याने गुन्वोरकडे बघितलं.

त्या बघण्याचा अर्थ तिला पुरता कळला. तीन आठवडे म्हटलं की बूदोला पाठवणार, कारण बेटावर एक्स-रेचं यंत्र नव्हतं. बूदोला गेलं की आठवडा मोडणार, आणि मांडव अर्धे रिकामे होते. गुन्वोरने भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे नजर वळवली. त्या यंत्रावरच्या बाईचं वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. तो तरुण मुलगा पायमोजा परत चढवत होता. तिने ते गिळलं.

"मोडलं असतं तर असं चालत आला नसतात," डॉक्टर म्हणाला. "गाऊट दिसतोय, सांध्यातला वात. दहा दिवसांच्या गोळ्या देतो. उतार पडला नाही तर मात्र परत या, तेव्हा फोटो काढायला पाठवू."

बाहेर पायरीवर गुन्वोर म्हणाली, "तीन-चार दिवस कसे रे? तीन आठवडे झाले."

"मग तू का नाही बोललीस?"

टोमणा नव्हता तो. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. गुन्वोरने गोळ्यांची चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि ती पायरी उतरली.

गोळ्यांनी सूज थोडी उतरली, किंवा उतरल्यासारखी वाटली. त्याच्या वडिलांचा एक मोठा रबरी बूट माळ्यावर होता, तो काढून हालवार्डने उजव्या पायात घातला. परत दाखवायला काही तो गेला नाही. मार्चच्या शेवटी मांडव भरले. एडविनने सगळ्यांना कॉफी आणि थोडी ब्रँडी पाजली आणि या हिवाळ्यात सगळ्यांत जास्त जोड्या म्हाताऱ्याने टांगल्या, असं सगळ्यांसमोर सांगितलं.

सोफ्यावर ती अजून बसत होती. एप्रिलच्या सुरुवातीला एक दिवस त्याने झोपेत पाय हलवला आणि तिच्या तळव्यांखाली काहीतरी करकरलं. शिंपल्यांच्या वाळूवरून चालताना येतो तसा आवाज. तिने पाय काढून घेतले. तो जागा झाला नाही. त्यानंतर ती परत खुर्चीत बसायला लागली, आणि त्याने का म्हणून विचारलं नाही.

त्यानंतर मोज्याला रक्त लागलेलं दिसलं. बुटाने घासलं, म्हणाला. तळव्याला, जिथे ते हाड खाली आलं होतं तिथे, नाण्याएवढी जखम होती. गुन्वोरने ती धुतली, पट्टी बांधली, दवाखान्यात फोन केला. गुरुवारची वेळ मिळाली. बुधवारी सकाळी न्याहारीला बसताना त्याला हुडहुडी भरली. सुरीवरचा चीजचा तुकडा टेबलावर पडला. शुगर मोजायच्या यंत्राने आकडाच दाखवला नाही, नुसतं ‘जास्त’ दाखवलं. अकरा वाजता रुग्णांची बोट आली.

बूदोला डॉ. हेर्दिस म्हणून पन्नाशीच्या एक सर्जन होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी गुन्वोरला पडद्यासमोर बसवलं.

"पावलाच्या मधोमध ही लहान हाडं असतात. कमानीच्या दगडांसारखी एकमेकांवर टेकलेली. आता बघा."

तिथे दगड नव्हते, खडी होती.

"यावर किती दिवस चालले ते?"

"फेब्रुवारीपासून."

"करत काय होते?"

"मासे टांगत होता."

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरचा फोटो मोठा केला. गुन्वोर म्हणाली, "पण त्याची हाडं चांगली होती. ऑक्टोबरमध्ये इथेच मोजली. वाईट तर माझी निघाली."

"त्या यंत्राला हाडात माल किती आहे तेवढं दिसतं. तो माल चिवट आहे की ठिसूळ, ते दिसत नाही. वर्षानुवर्षं साखर चढलेली राहिली की हाड वरून भरीव दिसतं आणि आतून ठिसूळ होत जातं. आकडा सांगतो त्यापेक्षा खूप आधी मोडतं. त्यात पायाला संवेदना नसली की मोडलेल्यावरच माणूस चालत राहतो. हे कुणी सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

"नाही," गुन्वोर म्हणाली.

"आणि पाय गरम झाला असेल की. दुखत नाही, पण तापतो, दुसऱ्या पायापेक्षा स्पष्ट गरम लागतो. बहुतेकदा पहिली खूण तीच. तेव्हा प्लास्टर घालून काही महिने पाय टेकू दिला नसता, तर बहुधा वाचवता आला असता. घरात कुणाच्या हाताला कसा लागला नाही?"

गुन्वोरला आपले तळवे बुटांच्या आत जाणवले, दोन्ही. ती म्हणाली, "तो हात लावू देत नाही."

विष वर चढत होतं. शुक्रवारी सकाळी गुडघ्याखाली पाय कापला.

सिल्ये शाळेतून सुट्टी घेऊन रोज यायची. बापाजवळ असली की हसतीखेळती असायची, बाहेर व्हरांड्यात आली की मुठी आवळायची. "गाऊट," ती म्हणायची. "एकोणीस वर्षांची शुगर असलेला माणूस सुजलेला पाय घेऊन येतो आणि हा म्हणतो गाऊट. मी तक्रार करणार आहे, आई."

"जाऊ दे गं. पोरगाच होता तो."

"पोरगा कसला? डॉक्टर होता."

तिने तक्रार केली. मे महिन्यात त्या डॉक्टरचं उत्तर तिच्याकडे आलं. रुग्णाने सूज तीन-चार दिवसांची असल्याचं आणि मार लागला नसल्याचं सांगितलं होतं, पत्नीही तेव्हा हजर होत्या, मी टिपणात तसं लिहून ठेवलं आहे, असं त्याने कळवलं होतं. सिल्येने ते फोनवर वाचून दाखवलं. "बघितलंस? आता बाबांवरच ढकलतोय. आई, असं काही झालं नव्हतं ना?"

स्वयंपाकघरात हालवार्ड चाकाच्या खुर्चीत बसून बटाटे सोलत होता. फोनचा आवाज मोठा होता. त्याची सुरी थांबली.

"मला नीट आठवत नाही," गुन्वोर म्हणाली.

उन्हाळा त्याने ओसरीत काढला. नकली पाय मिळायला ऑगस्ट उजाडला. येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगायचा, "आता निम्मेच मोजे धुवावे लागतात, बायको खूश आहे." माणसं हसायची आणि लवकर निघायची. फ्रिजवरचा कागद कधीतरी निघाला होता. कुणी काढला ते गुन्वोरने विचारलं नाही, कारण तिने काढला नव्हता.

ऑगस्टमधल्या एका दुपारी ती त्याच्याजवळ पायरीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. यंत्रावरची बाई काय म्हणाली ते. पायाची ऊब म्हणजे काय होतं ते. सांगताना ती समोरच्या खाडीकडे बघत होती.

तो बराच वेळ नकली पायाचा पट्टा सैल-घट्ट करत बसला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"पाय तापलाय ते. पहिल्याच आठवड्यात, आंघोळ करताना, हाताला लागला होता. काहीतरी बिनसलंय हे कळलं होतं मला. मी काय खुळा आहे?"

"मग?"

"मग काय. तू येऊन बसायला लागली होतीस."

तो तिच्याकडे न बघता पुढे म्हणाला, "मांडवही भरायचे होते म्हणा. सगळं काही तुझ्यासाठी नव्हतं."

"त्या डॉक्टरचं काय करायचं?"

"सिल्येला लिहून टाकू. खरं काय ते."

"तू लिही."

"तू लिही. तुझं अक्षर बरं आहे."

त्या आठवड्यात कुणी लिहिलं नाही. पुढच्या आठवड्यात नकली पायाचा सराव करून घेणारी बाई आली, मग पाऊस लागला, मग सप्टेंबर. एकमेकांना सांगून मोकळं होऊ असं गुन्वोरला वाटलं होतं. तसं झालं नाही. आधी आपापलं ओझं होतं, आता दोघांना एकमेकांचंही ठाऊक होतं, आणि जेवताना ते टेबलावर मिठाच्या भांड्यासारखं मधे असायचं.

नोव्हेंबरमध्ये, एका मंगळवारी, दुपारी जेवताना त्याने नेहमीएवढं इन्सुलिन टोचून घेतलं आणि ताटातल्या माशाला जेमतेम हात लावला. भूक नाही म्हणाला. थोड्या वेळाने त्याच्या कपाळावर घाम दिसला. "दूध आणतो," म्हणाला, "गरगरतंय." ती म्हणाली, "बस, मी आणते." पण तो उठला होता. नकली पाय पुढे पडला, खरा पाय मागे राहिला आणि तो डाव्या कुशीवर पडला. नुसत्या उभ्या उंचीवरून, तेही सतरंजीवर. टेबलाच्या पलीकडून गुन्वोरला आवाज ऐकू आला. वाळकं लाकूड मोडल्यासारखा.

ती त्याच्याजवळ गुडघ्यावर बसली, ओठांना साखरेचं पाणी लावलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हे मात्र लागलं," तो म्हणाला.

खुबा मोडला होता. बूदोला शस्त्रक्रिया झाली, सळई घातली. तिसऱ्या दिवशी त्याला उभं करायचा प्रयत्न झाला. कुठल्या पायावर उभं राहू, त्याने विचारलं, आणि नर्सला ते विनोदाने घ्यावं की कसं हे कळलं नाही. जखम भरेना. झोपून झोपून छातीत कफ साठला. पडल्यापासून एकोणिसाव्या दिवशी सकाळी, सिल्ये खाली पाव आणायला गेली असताना आणि गुन्वोर त्याचा हात धरून बसलेली असताना, तो गेला. शेवटचे दोन दिवस तो काही बोलला नव्हता.

दफन बेटावरच झालं. चर्चच्या सभागृहात कॉफी होती, लोणी-साखर लावलेल्या बटाट्याच्या पातळ पोळ्या, लेफ्से, होत्या. एडविन रडला. बाकीच्यांनी कपांकडे बघितलं. दिवस दुपारी दोनलाच मावळत होता. माणसं पांगली तसं दोघी मायलेकी घरी आल्या आणि सिल्येने पिशवीतून एक पाकीट काढलं.

"मागच्या आठवड्यात आलं. तेव्हा सांगण्यासारखी वेळ नव्हती." तिने ते टेबलावर सपाट केलं. "त्या डॉक्टरला ताकीद दिलीये, आई. लेखी. चौकशीत त्याची चूक निघाली. फोटो काढायला पाठवायलाच हवं होतं, असं म्हटलंय. म्हणजे बाबांना काही त्याचा उपयोग नाही आता. पण झालं ते बरं झालं."

गुन्वोरने कोट अजून काढला नव्हता. तशीच खुर्चीत बसून तिने सांगायला सुरुवात केली. ऑक्टोबरपासून. मधलं काही गाळलं नाही, सोफासुद्धा नाही. तीन-चार दिवस असं तुझे बाबा म्हणाले, मी तिथेच होते आणि गप्प बसले, असं तिने सांगितलं. मला आठवत नाही असं तुला म्हटलं तेव्हा मला सगळं आठवत होतं, हेही सांगितलं.

सिल्ये उठली आणि बाहेर गेली. कोट न घालता. खिडकीतून ती दिसत होती, कठड्याला धरून उभी, दारातल्या दिव्याखाली. बऱ्याच वेळाने आत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"मी दर रविवारी विचारत होते," ती म्हणाली. "बाबा कसे आहेत म्हणून."

"हो."

"आणि तू म्हणायचीस मजेत."

"हो."

"फेब्रुवारीत एकदा जरी म्हणाली असतीस ना, की बाबांचा एकच पाय गरम लागतो. नुसती थट्टा म्हणून जरी. शाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसते ना, तिच्या भावाचं हेच झालं होतं. मी त्याच संध्याकाळच्या बोटीने आले असते."

गुन्वोरने कोटाचं वरचं बटण सोडलं आणि परत लावलं.

"लिही," सिल्ये म्हणाली. तिने पिशवीतून कोरे कागद काढले, आईसमोर ठेवले आणि पेनचं टोपण काढून दिलं. "त्या माणसाच्या नावावर हे राहायला नको. लिही सगळं, आणि सही कर."

गुन्वोरने लिहिलं. दोन पानं झाली. मनगट दुखत होतं, जुनं मोडलेलं. सिल्येने ते विद्यार्थ्याची वही तपासावी तसं वाचलं, एक तारीख चुकली होती ती दाखवली, दुरुस्त करून घेतली, पाकिटात घालून पाकीट चिकटवलं. मग तिने कप धुतले, पुसून जागच्या जागी ठेवले आणि वरच्या खोलीत झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बोटीने ती निघाली. आणखी तीन दिवस राहायचं ठरलं होतं. धक्क्यावर वारा होता. सिल्येने आईच्या गालाला गाल लावला, पटकन, आणि पाकीट खिशात असल्याची हाताने खात्री करून घेतली.

"पोचलीस की कळव," गुन्वोर म्हणाली.

"कळवते," सिल्ये म्हणाली आणि बोटीत चढली. आतल्या बाकावर, पलीकडच्या खिडकीशी, जिथून धक्का दिसत नाही, तिथे ती जाऊन बसली.